दोजो म्हणजे बोधिमंड

आमच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अलीकडे, संध्याकाळी पोरं-पोरी पांढरे कपडे घालून रांगेत उभी राहतात आणि "इची, नी, सान, शी, गो" असा आवाज घुमतो. माझी धाकटी त्यात आहे. तिची आजी पहिल्याच दिवशी म्हणाली, "माय वं, हे कोन्ती भाषा व्हय? मारामारी शिकाले परदेशी मंत्र कायले पाह्यजे?"

आजीचा प्रश्न वावगा नव्हता. पण तेवढेच कारण सांगून वस्तीतल्या तिघा पालकांनी आपल्या पोरी घरी बसवल्या. पोरीच बसवल्या, पोरं नाही, हेही नोंदवून ठेवतो. ट्यूशनहून अंधारात एकट्या येतात त्याही पोरीच. म्हणून ऑफिस सुटल्यावर मी शब्दांचे अर्थ शोधायला लागलो.

'कारा' म्हणजे रिकामा, 'ते' म्हणजे हात. ही विद्या ओकिनावा बेटाची. पूर्वी 'कारा' हे चीन या अर्थाच्या अक्षराने लिहीत. १९३६ साली नाहा शहरात जाणत्या शिक्षकांची बैठक झाली आणि त्याच उच्चाराचे, पण रिकामा या अर्थाचे अक्षर ठरले. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत 'शून्य' याच अक्षराने लिहिलेले आहे.

शिकण्याची जागा म्हणजे 'दोजो'. हा शब्द तर आपल्या घरचाच! पिंपळाखाली जिथे सिद्धार्थाला बोधी लाभली ती जागा म्हणजे बोधिमंड. चिनी भाषांतरकारांनी त्यासाठी जो शब्द घडवला तोच जपानात गेला, आधी विहारातल्या साधनेच्या जागेला आणि पुढे तालमीला लागला. आजीला हे सांगितले तर म्हणाली, "मंग चपला बाहीर काढा म्हना." चपला बाहेरच काढतात.

'गेरी' म्हणजे लाथ, 'माए' म्हणजे समोर. जोडले की 'माए-गेरी'. 'उके'ला आपण अडवणे म्हणतो, पण मूळ क्रियापदाचा अर्थ घेणे, झेलणे. 'सेन्सेई' म्हणजे आधी जन्मलेला. 'हाजिमे' म्हणजे सुरू करा, 'यामे' म्हणजे थांबा. मला 'यामे' सर्वांत मोलाचा वाटतो. तो कानी पडला की उगारलेला हात तिथेच थांबला पाहिजे.

शब्द बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पंच याच शब्दांत हुकूम देतात, तिथे अकोल्याची पोर अडायला नको. मात्र अर्थ न सांगता घोकून घेणे मला पटत नाही. त्रिशरण-पंचशील आपण पालीत म्हणतो, पण मुलांना अर्थ मराठीत समजावतोच ना?

आता वर्गात फळ्यावर रोज एक शब्द अर्थासह लिहितात. दोन पोरी परत आल्या. तिसरीचे वडील अजून तयार नाहीत. रविवारी त्यांच्याकडे जायचे आहे. आजी म्हणते, "मीबी येतो."