चार दिवस, पाच सिनेमे



आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं मे महिन्याचं ऊन तुम्ही कधी अनुभवलंय का? पारा ४५ अंशांच्या वर जातो. अकरा वाजले की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली होती, पण छपराची दुरुस्ती चालू होती म्हणून मी गावातच थांबलो होतो. माझ्या खोलीत कूलर आहे आणि टीव्हीही आहे. ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? पहिल्याच दुपारी सात-आठ पोरं दारात हजर!

"गुरुजी, पिक्चर लावा ना जी!"

आणि आम्ही चार दिवसांत चक्क पाच हिंदी सिनेमे पाहिले. पालकहो, रागावू नका. मी लहान असताना आमच्या गावात गणपतीत भाड्यानं व्हिडिओ आणायचे आणि पोत्यावर बसून आम्ही एका रात्रीत तीन-तीन सिनेमे पाहायचो. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की होळीपर्यंत जागरणंच जागरणं! त्यामानानं दुपारचा एखादा सिनेमा काहीच नाही. पण या चार दिवसांत मला जे शिकायला मिळालं, ते डी.एड.च्या दोन वर्षांत मिळालं नव्हतं. तेच सांगायला बसलोय.

पहिल्या दिवशी लावला 'शोले'. १५ ऑगस्ट १९७५ ला तो पहिल्यांदा लागला तेव्हा मी जन्मालाही आलो नव्हतो. सिनेमातलं रामगढ उत्तरेकडचं वाटतं ना? पण ते गाव उभारलं होतं बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत! हे सांगितल्यावर पोरांचे डोळे मोठे झाले. तीन तासांहून लांबीचा सिनेमा, पण एकही पोर जागचं हललं नाही. चांगली गोष्ट चांगल्या रीतीनं सांगितली की पन्नास वर्षांनीही ती शिळी होत नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांनी निवडलेला सिनेमा लावला. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही मुद्दाम शोधून पाहाल! त्यात नायक जंगलात जातो. समोर वाघ. वाघ आधी पाच मिनिटं डरकाळ्याच फोडतो. तेवढ्यात नायक केस नीट करतो, बाह्या सरसावतो आणि वाघाला नुसत्या हातांनी लोळवतो. आम्ही हसून हसून लोटपोट. सगळ्यात जास्त मीच हसलो.

तेवढ्यात चौथीतला एक मुलगा उठला आणि काही न बोलता बाहेर गेला. बाहेर ऊन रणरणत होतं. तो कडुनिंबाखाली जाऊन बसला. मी मनात म्हटलं, याचं कशातच लक्ष नसतं, सिनेमातही नाही! हा मुलगा आदल्या वर्षीच आईबरोबर मामाच्या गावी, म्हणजे आमच्या गावात, राहायला आला होता. वर्गात खिडकीबाहेर बघत बसायचा. मी त्याला दोन-तीनदा सगळ्यांसमोर बोललोही होतो.

संध्याकाळी त्याच्या घरावरून जात होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. त्याची आई पहाटे जंगलात जाऊन पानं तोडून आणायची आणि मग घरचे सगळे पुडे बांधायला बसायचे. आमच्याकडे एका पुड्यात ७० पानं असतात. एवढी पानं मोजायची, बांधायची आणि मग फळीवर नेऊन द्यायची. तोही पानं मोजत होता. एकही चूक नाही. लक्ष नसतं म्हणे!

"काय रे, पिक्चर आवडला नाही का?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, वाघ असा बोंबलत नाही येत जी."

"मग कसा येतो?"

"आवाजच नाही आला जी. आजी वाकली होती मोह वेचाले. मी दुसऱ्या झाडाखाली होतो. मागून आला."

त्याच्या आईच्या हातातली पानं तशीच राहिली. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्हाले ठावं नव्हतं का?"

मला ठावं नव्हतं. म्हणजे पलीकडच्या एका गावात एक म्हातारी वाघाच्या हल्ल्यात गेली, हे मी पेपरात वाचलं होतं. पण तिचा नातू वर्षभर माझ्या वर्गात खिडकीशी बसत होता, हे मला माहीत नव्हतं. आणि थोड्याच वेळापूर्वी मी त्याच्यासमोर पोट धरून हसलो होतो.

मुलांनो, शहरातल्या तुमच्यापैकी कितीतरी जण ताडोबाला वाघ बघायला येऊन गेले असतील. वाघ आमच्या जिल्ह्याची शान आहे, यात शंका नाही. पण जंगलाकाठच्या माणसांना मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला आत जावंच लागतं, कारण त्या पैशांवर पावसाळ्याची तयारी होते. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा वाटू शकतो, असं जाणकार सांगतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. म्हणून जंगलात जायचंच झालं तर एकट्यानं जाऊ नये, मोठ्यानं बोलत जावं, एकानं तरी उभं राहून लक्ष ठेवावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी 'तारे जमीन पर' लावला. हा २००७ सालचा. त्यातल्या ईशानला अक्षरं ओळखता येत नाहीत आणि सगळे त्याला आळशी समजतात. पोरं ईशानसाठी रडली. मी मात्र त्याला रागावणाऱ्या शिक्षकांकडे बघत होतो. खरं सांगू? त्या रांगेत मला मीच उभा दिसलो.

रात्री झोप येईना, म्हणून एकट्यानंच 'न्यूटन' पाहिला. अमित मसूरकर यांचा हा सिनेमा २०१७ सालचा. जंगलातल्या एका केंद्रावर फक्त ७६ मतदार, आणि तिथं नीट मतदान व्हावं म्हणून धडपडणारा एक तरुण कारकून. त्याच्या सोबत मलको नावाची तिथलीच शिक्षिका असते. तिला गोंडी येते, त्याला येत नाही. माझी पहिली नोकरी गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडे होती. 'पाणी' म्हणजे 'एर', हे मला तिथल्या पहिलीच्या पोरांनी शिकवलं. निवडणुकीची ड्यूटीही केली आहे. तिकडे मतदान दुपारी तीनलाच संपतं. त्यामुळे सिनेमातलं खरं काय, ते मला लगेच कळत होतं. न्यूटन प्रामाणिक आहे, पण समोरच्या माणसांचं ऐकायला त्याला वेळ लागतो. मलाही लागला होता.

चौथ्या दिवशी 'शेरनी' होता. हाही मसूरकरांचाच, २०२१ सालचा. तो पाहून यवतमाळ जिल्ह्यातली अवनी वाघीण आठवते. तिला २०१८ च्या नोव्हेंबरात गोळी घालून मारलं होतं. सिनेमा लावण्याआधी मी त्या मुलाच्या घरी गेलो. आईला विचारलं, त्यालाही विचारलं, "बघशील का? नाही म्हणालास तरी चालेल." थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "पाहीन जी. पण दाराजवळ बसीन."

तो दाराजवळच बसला. या सिनेमातला वाघ उगाच डरकाळ्या फोडत नाही. मातीत पंजाचे ठसे दिसतात, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात वाघीण दिसते. खाणीमुळे तिची जंगलात जायची वाट अडलेली असते. गावकऱ्यांना गुरं चारायला जागा उरलेली नसते. चूक वाघिणीची नाही आणि गावकऱ्यांचीही नाही, हे पोरांना न सांगता कळलं. सिनेमा अर्धा होईपर्यंत तो मुलगा दाराजवळून सरकत सरकत कूलरपाशी आला होता.

सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, वाघिणीचं नाव टी-१२ होतं. पण जी बाई गेली, तिचं नाव काय होतं जी?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कुणालाच आठवेना. मलाही नाही!

मित्रांनो, चांगला सिनेमा आणि वाईट सिनेमा कसा ओळखायचा, असं मला पोरं विचारतात. आता मी त्यांना सांगतो: वाईट सिनेमा संपला की आपण फक्त नायकाविषयी बोलतो. चांगला सिनेमा संपला की कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाविषयी विचारावंसं वाटतं. आणि पालकहो, जमलं तर मुलांसोबत बसून सिनेमा पाहा. कोण हसतं ते दिसेलच, पण कोण उठून जातं तेही बघा.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. मी सगळ्यांना एकेक कोरी वही दिली. "पाहिलेल्या सिनेमाविषयी लिहा, नाहीतर तुमच्या मनातला सिनेमा लिहा," म्हणालो. त्या मुलानं सात पानं भरून आणली. मोहाचं झाड, पहाटेचा गारवा, आजीनं सांगितलेल्या गोष्टी, तिची टोपली. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी लाल पेन खिशातच ठेवलं.

पहिल्या पानावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत त्यानं आजीचं पूर्ण नाव लिहिलं होतं. ते मी इथं छापत नाही, ती त्याची वही आहे. पण आता मला ते पाठ आहे.

तुम्ही अलीकडे पाहिलेल्या सिनेमात कोपऱ्यात कोण उभं होतं? आठवतंय का बघा!

तुमचा,
एक गुरुजी