मुनेरबीची ओवी

गेल्या वर्षी महाराष्ट्र दिनाच्या तयारीत मी आठवीच्या वर्गाला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीबद्दल सांगत होते. आमची शाळा उर्दू माध्यमाची आणि मी तिथे मराठी शिकवते. फळ्यावर मी तीन शाहिरांची नावे लिहिली : अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर, अमर शेख. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, ये शेख अपनेवाले शेख हैं क्या?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. मराठी म्हणजे पेपर देऊन मोकळे व्हायचा विषय, ती दुसऱ्यांची भाषा, अशी समजूत घेऊनच आपली पुष्कळ मुले शाळेत येतात. मग फळ्यावर मराठी शाहिरांच्या रांगेत 'शेख' दिसला, तर नवल वाटणारच.

मी तिला सांगितले, "हो बेटा, अपनेवालेच. आणि साऱ्या महाराष्ट्राचेही."

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा. घर गरीब. बसवर क्लीनर, नंतर गिरणीत कामगार, अशी कामे त्यांनी केली. कामगारांच्या लढ्यात पडले, तुरुंगातही गेले. 1944 मध्ये अण्णाभाऊ आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ते स्वतः गीते रचत आणि स्वतःच गात. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झाले, त्याआधीची कित्येक वर्षे हा पहाडी आवाज सभांतून घुमत होता. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. 29 ऑगस्ट 1969 रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. आज मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.

मुलांना मी एवढे सांगितले. पण धडा तयार करताना माझे मन अडकले होते ते दुसऱ्याच नावात. ते नाव मुनेरबी, अमर शेखांची आई. लोकगीतांचा वारसा त्यांना या आईकडून मिळाला. पुढे शाहिरी आली, चळवळ आली, डफ आला. पण पहिली लय घरातली, आईच्या तोंडची. मुसलमान घरातल्या एका गरीब बाईने आपल्या लेकराच्या कानात मराठी गाणे घातले आणि त्यातून शाहीर घडला.

हे वाचले आणि मला माझी अम्मा आठवली.

अम्माचे माहेर आर्वीकडच्या एका खेड्यातले. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात घरी तुरी भरडायच्या, त्या जात्यावरच. अम्मा आणि शेजारच्या काकू समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात, आणि ओव्या सुरू. घरात आम्ही बोलायचो आमची इकडची उर्दू, तिच्यात निम्मी वऱ्हाडी मिसळलेली. अम्माच्या ओवीत मात्र सगळी मराठी असायची. माहेरची वाट, भावाची बैलगाडी, आणि मध्येच गिरडच्या टेकडीवरचे बाबा फरीद. गाण्या-वाजवण्याबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत, त्या वादात मी शिरत नाही. अम्माच्या ओवीला वाद्य नव्हतेच. होती ती फक्त जात्याची घरघर.

मग माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न निघाले. मी तेव्हा बी.एड. करत होते आणि शुद्ध उर्दू, शुद्ध मराठी असे दोन्हीचे वारे डोक्यात होते. हळदीच्या दिवशी होणाऱ्या सासरच्या बायका आल्या होत्या, शहरातल्या, नीटस उर्दू बोलणाऱ्या. अम्माने हळद दळायला घेतली आणि सवयीने ओवी सुरू केली. मला लाज वाटली. मी वाकून तिच्या कानात म्हटले, "अम्मा, बस करो ना. लोग क्या बोलेंगे, देहाती हैं."

अम्मा थांबली. रागावली नाही, काही बोललीही नाही. पण त्या दिवसानंतर माझ्यासमोर ती कधी गायली नाही.

मी दोन भाषा शिकले, दोन्ही शिकवून पोट भरते. आणि ज्या बाईने या दोन्ही भाषा मला एकाच मांडीवर दिल्या, तिचेच तोंड मी बंद केले. हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी अम्माजवळ बसले. तिला मुनेरबीची गोष्ट सांगितली. मग म्हटले, "अम्मा, तुम्हारे वो जाते के गाने सुनाओ ना." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "अब कहाँ याद बेटा. जाता गया, गाना बी गया." मी माफी मागितली. तिला तो हळदीचा दिवस आठवत होता की नाही, तिने सांगितले नाही. नुसता माझा हात दाबला.

पुढचे दोन महिने मी संध्याकाळी वही घेऊन बसत होते. कधी एक ओवी निघे, कधी अर्धीच. अकरा ओव्या पूर्ण मिळाल्या. चारांची दुसरी ओळ तिला आता आठवत नाही. वहीत ती जागा मी कोरी ठेवली आहे.

गी पोइतवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. ते मोठ्या माणसांचे मोठे काम. पण आपल्या घरातली ओवी गोळा करायला बाहेरून कुणी येणार नाही. घरात अम्मा असेल, नानी किंवा दादी असेल, तर आजच जवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या. भाषा शुद्ध आहे की नाही, ते पाहू नका.

या वर्षी 1 मेच्या कार्यक्रमात त्याच मुलीने अमर शेखांवर भाषण केले, मराठीत. सुरुवात तिने मुनेरबीपासून केली.