पैनगंगेच्या दोन्ही काठांनी

दक्षिण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उटी, मुन्नार आणि कूर्ग उभे राहतात. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण मात्र पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेचा पूल ओलांडताच सुरू होते. पाट्यांवरची लिपी बदलते. काळी माती आणि सागाचे रान तेच राहते. बुलढाण्याकडच्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी येथे दोन राज्यांची सीमा होऊन वाहते. तिच्या दोन्ही काठांवर दोन दिवसांत, मुलाबाळांसह पाहून होईल असे पुष्कळ काही आहे.

पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य आकाराने लहान, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. पण वाघांसाठी नामांकित. येथे जन्मलेल्या, ‘वॉकर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या तरुण नर वाघाने २०१९ मध्ये जन्मस्थान सोडले. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची वाटचाल कळत गेली. तेलंगणातून, मराठवाड्यातून, शेतांमधून आणि रस्ते ओलांडत सुमारे तीन हजार किलोमीटर फिरून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात विसावला. वाघाला राज्याची सीमा नसते, हे मुलांना समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पावसाळ्यात येथील सफारी बंद असते. बहुतेक कुटुंबे उन्हाळी सुट्टीत येतात, कारण पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा अधिक. पण त्या दिवसांत आमच्याकडे पारा ४४ अंशांपर्यंत जातो आणि जिप्सी उघडी असते. घरातील आजी-आजोबा रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेत असतील, तर प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. परस्पर गोळी बंद करू नये. वाटेत लघवीला जावे लागेल या संकोचाने पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया मी दरवर्षी पाहतो. इन्सुलिनची कुपी उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवू नये. ते निकामी होते आणि दिसायला मात्र पूर्वीसारखेच राहू शकते. माझ्या मते वृद्धांना घेऊन जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य; वाघ न दिसला तरी नीलगायी, चितळ आणि पक्षी दिसतातच.

सहस्रकुंडाचे वेळापत्रक नेमके उलटे. उमरखेड तालुक्याच्या टोकाला, पैनगंगा अभयारण्याच्या परिसरात, नदी काळ्या कातळावरून असंख्य धारांनी खाली कोसळते. एका काठावर यवतमाळ जिल्हा, समोर नांदेड. ऐन पावसाळ्यात पाणी मातकट, रौद्र; पाऊस ओसरला की धारा वेगवेगळ्या दिसू लागतात आणि नावाचा अर्थ कळतो. मला हे दुसरे रूप अधिक आवडते.

येथे एक गोष्ट प्रत्येकाने जाणून घ्यावी. नदीच्या वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. आकाश निरभ्र असले तरी वर झालेल्या पावसाने किंवा धरणातून सोडलेल्या पाण्याने प्रवाह वाढू शकतो. ज्या खडकावर छायाचित्रासाठी उभे राहिलो, तेथून परतण्याची वाटच मग पाण्याखाली जाते. शेवाळलेल्या बेसाल्टवर चप्पल टिकत नाही आणि गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसालाही पाडते. कुणी वाहू लागला तर मागोमाग उडी घेणारा दुसरा बळी ठरतो. दोर, ओढणी, साडी, लांब काठी, जे हाताशी असेल ते काठावरूनच द्यावे. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढणे, त्याला उलटे धरून फिरविणे, हे प्रकार अजून सर्रास चालतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा, नंतर छातीवर दाब द्यावा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. घरातील निदान एकाने हे कृत्रिम श्वसन प्रात्यक्षिकासह शिकून घेतलेले असावे.

पैलतीरी, आदिलाबादच्या पुढे हैदराबाद मार्गावर नेरडीगोंड्याहून आत वळले की कडेम नदीवरचा कुंतला धबधबा लागतो. तो तेलंगणातील सर्वांत उंच मानला जातो. बऱ्याच पायऱ्या उतरून जावे लागते. उतरताना सोप्या वाटणाऱ्या त्या पायऱ्या चढताना हृदयरोग्याची परीक्षा घेतात. वरूनही दृश्य उत्तम दिसते. तळच्या डोहात पोहायला उतरू नये.

आता घरी परतल्यानंतरचे. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात, झुडपांत बसल्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या चिगर किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. विदर्भात २०१८ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. चाव्यानंतर ताप येण्यास एक ते तीन आठवडे लागतात. तोवर सहल विस्मरणात गेलेली असते आणि ताप ‘व्हायरल’ समजून अंगावर काढला जातो. तेव्हा ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेलो होतो हे स्वतःहून सांगावे. डॉक्सीसायक्लिनसारखे साधे, स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर हा आजार लवकर आटोक्यात येतो. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. काही रुग्णांत चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली असते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली दडलेली असते. म्हणून अंघोळीच्या वेळी मुलांचे अंग नीट पाहावे.