थडग्याची राखण

चीनच्या चिलीन प्रांतात, यालू नदीकाठच्या जिआन गावात, साडेसहा मीटरला थोडा कमी भरेल असा एक ओबडधोबड दगड काचेच्या मंडपात उभा आहे. नदीपलीकडे उत्तर कोरिया. गोगुर्यो या प्राचीन राज्याचा राजा ग्वांगगेतो याच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने, जांग्सूने, हा दगड 414 मध्ये उभारला आणि त्याच्या चारही अंगांवर सुमारे 1,775 अक्षरं कोरून घेतली. दगड चीनमध्ये, लिपीही चिनी. राजा मात्र दक्षिण कोरियाचा राष्ट्रपुरुष. तिथल्या नौदलाची एक विनाशिका त्याच्या नावाने समुद्रात फिरते. पुढे 427 मध्ये जांग्सूने राजधानी हलवली ती प्योंगयांगला, म्हणजे आज तिसऱ्याच सरकारच्या राजधानीत. एकाच सातबारावर तीन नावं चढावीत, तसा हा प्रकार.

2002 मध्ये चीनच्या सामाजिक शास्त्र अकादमीने ईशान्य सीमाभागाच्या इतिहासाचा प्रकल्प हाती घेतला. गोगुर्यो हे चीनमधल्याच एका अल्पसंख्य जमातीचं प्रादेशिक राज्य, असा त्याचा सूर होता. 2004 मध्ये चिनी परराष्ट्र खात्याच्या माहितीतल्या कोरियन इतिहासातून गोगुर्यो गायब झालं आणि सोल पेटून उठलं. त्याच वर्षी सूचौच्या बैठकीत युनेस्कोने चीनमधली थडगी एका नोंदीखाली आणि उत्तर कोरियातली दुसऱ्या नोंदीखाली वारसायादीत घेतली. राज्य एक, फायली दोन. चीनचा मुख्य आधार असा की, गोगुर्योचे राजे चिनी दरबारांकडून पदव्या घेत. घेत होते, हे खरंच. पण जांग्सू त्या पदव्या चीनच्याच उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या, एकमेकांच्या वैरी असलेल्या दरबारांकडून घेत होता. त्याला निष्ठा म्हणायचं की हुशारी? आणि सुई घराण्याचा सम्राट 612 पासून लागोपाठ तीन वर्षं गोगुर्योवर चालून गेला, त्यापायी खुद्द सुई घराणं खिळखिळं झालं. ही घरातली भांडणं नव्हेत.

मग गोगुर्यो कोरियाचं? या बाजूचा पुरावा जास्त जुना आहे आणि मला तो जास्त जिवंतही वाटतो. 993 मध्ये उत्तरेकडच्या खितान लोकांचं सैन्य कोरियन द्वीपकल्पातल्या गोर्यो राज्यावर चालून आलं. गोगुर्योची भूमी आमची, तुम्ही तर दक्षिणेच्या सिल्ला राज्याच्या मुलखातून वर आलात, असं त्यांच्या सेनापतीचं म्हणणं. गोर्योचा मुत्सद्दी सो हुई याने उत्तर दिलं की, आमच्या राज्याचं नावच गोगुर्योवरून घेतलेलं आहे. सैन्य माघारी गेलं. याच गोर्योवरून ‘कोरिया’ हे नाव जगभर झालं. म्हणजे ही आठवण कोणा आधुनिक राष्ट्रवाद्याने रचलेली नाही, ती हजार वर्षं चालत आली आहे. पण आठवण चालत आली म्हणून मालकीही चालत येते का? शिलालेखाचा शेवटचा भाग वाचावा. लढायांची वर्णनं संपतात आणि राजाची खरी काळजी बाहेर येते: थडगी कोण झाडणार? त्यासाठी 330 कुटुंबं नेमली आहेत. त्यांतली 220 नव्याने जिंकून आणलेल्या ‘हान’ आणि ‘ये’ लोकांची, कारण जुनी रयत या कामाने खंगत जाईल, अशी राजाला धास्ती. हे हान चीनमधले नव्हेत. ते कोरियन द्वीपकल्पाच्या दक्षिणेचे. आज दक्षिण कोरिया स्वतःला ‘हानगुक’ म्हणवतो, त्यातलं ‘हान’ हेच अक्षर. ज्या राजाला आपला म्हणायचं, त्याच्या लेखी हे लोक धरून आणलेले परके होते.

यावर कोणी म्हणेल, मालकी कोणाचीच नाही हा तटस्थपणा बलवानाच्याच पथ्यावर पडतो. दुबळ्याने हक्क सांगितला नाही तर त्याचा इतिहास दुसरा लिहितो. आक्षेप खोटा नाही. 1880च्या दशकात एका जपानी लष्करी अधिकाऱ्याने या लेखाचा ठसा जपानला नेला, आणि 391 सालाबद्दलच्या एका ओळीवरून प्राचीन जपानने कोरियावर राज्य केल्याचा अर्थ काढला गेला. पुढे कोरिया गिळताना तो कामी आला. तेव्हा कोरियन माणसाचा संशय म्हणजे नुसता कांगावा नव्हे. 1972 मध्ये तर जपानी लष्कराने अक्षरांतच फेरफार केल्याचा आरोप झाला. दगडावर चुना फासलेला होता, हे खरं. पण जुने-नवे ठसे शेजारी ठेवून अक्षरं ताडली गेली, तेव्हा दिसलं की ठसे ठळक उठून विकले जावेत म्हणून स्थानिक कारागीरच चुना लावत होते. हा उलगडा ‘दगड आमचा’ म्हणून झाला नाही. दुबळ्याला हवा तो दगडापर्यंत पोचण्याचा, वाचण्याचा आणि दुसऱ्याचं वाचन खोडून काढण्याचा हक्क. आणि तो मागायला मालकी लागत नाही. उलट मालकी एकदा मांडली की मांचुरियाही आमचाच म्हणणारे सोलमध्ये निघतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून बीजिंगला आपला प्रकल्प चालवता येतो.

राहता राहिला जागेचा मुद्दा. थडगी चीनमध्ये आहेत, तेव्हा डागडुजी, कुलूप, पहारा चीनकडेच राहणार; त्यात गैर काही नाही. थडग्यांच्या राखणीबद्दल शिलालेखाच्या अगदी अखेरीस एक हुकूम कोरलेला आहे. राखणदारांची खरेदी-विक्री करायची नाही, कोणी कितीही धनवान असो. जो विकेल त्याला शिक्षा. आणि जो विकत घेईल, त्याने स्वतः थडग्याची राखण करायची.