नारळ आणि वही

निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. विज्ञानाच्या पद्धतीच्या या चार पायऱ्या शाळेत असतानाच आमच्या पाठ झाल्या होत्या. त्या पायऱ्या चढताना पाय कुठे घसरतो, हे मात्र आम्हांस २०१३च्या उन्हाळ्यात, बीड जिल्ह्यातील तेलगावच्या शिवारात कळले.

दुष्काळाचे वर्ष होते. ऊस उभ्या जागी वाळला होता. वडिलांनी घेतलेले दोन बोअर कोरडे गेले होते; दोन्हींतून नुसता फुफाटा उडाला. तिसऱ्यासाठी कर्ज काढायचे ठरले आणि पाणाड्याला पुन्हा बोलावणे गेले. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानात फिरत. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. कोणाच्या रानात त्यांच्यामुळे पाणी लागले, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ होते. कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्ट कोणी सांगत नसे. आमचे पहिले दोन त्यांनीच दाखवलेले. पण त्याचेही उत्तर तयार होते. "आणखी शंभर फूट गेला असता तर लागलं असतं." जे विधान कोणत्याही निकालाने खोटे ठरू शकत नाही, त्याची परीक्षा घ्यायची कशी?

अशा वेळी आम्हांस २००८ सालची एक चाचणी आठवली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची परीक्षा घेतली होती. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या; कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच ओळखायचे होते. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर यावीत. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांतली सुमारे सेहेचाळीस टक्के बरोबर निघाली. आम्हांस त्या आकड्यापेक्षा प्रश्नाची मांडणी मोलाची वाटली. उत्तर बरोबर तरी असेल किंवा चूक तरी. मधल्या पळवाटेला जागाच ठेवलेली नव्हती.

आम्ही भीत भीत पाणाड्यांना विचारले, डोळे बांधून तीच जागा पुन्हा दाखवाल का? ते हसले. "बांधा की, मास्तर." पाच फेऱ्या झाल्या. नारळ पाच वेगवेगळ्या जागी उभा राहिला. वडील काही बोलले नाहीत. आम्ही मात्र, थोड्या विजयी स्वरात म्हटले, "इथं पाणी लागायचं नाही." वडिलांनी पाणाड्यांनी डोळे उघडे असताना दाखवलेल्या पहिल्या जागीच मशीन लावले.

पाणी लागले. पुढचे कित्येक दिवस गावात आमच्याकडे पाहून लोक हसत होते.

आमचे काय चुकले, हे समजायला वेळ लागला. त्या पाच फेऱ्यांनी एवढेच दाखवले होते की डोळे बांधल्यावर नारळाला जागा ओळखता येत नाही. खाली पाणी नाही, असे त्यांनी कुठे सांगितले होते? या भागातला खडक बेसाल्टचा. त्यात पाणी राहते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, आणि ते कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नसते. ओढ्याकाठच्या सखल रानात नारळाशिवायही पाणी लागू शकते. खरा प्रश्न निराळा होता. दाखवलेल्या जागांवर, तशाच रानातल्या न दाखवलेल्या जागांपेक्षा पाणी अधिक वेळा लागते का? एका बोअरने याचे उत्तर मिळत नाही. पाण्याच्या बोअरनेही नाही, कोरड्यानेही नाही. गाव एका यशावरून नारळाला मान देत होते, आणि आम्ही पाच फेऱ्यांवरून जमिनीखालचे भविष्य सांगत होतो. त्या दिवशी शिवारात पाणाडे दोन होते.

साहित्याच्या वर्गात आपण हेच किती सराईतपणे करतो! एखादा सिद्धान्त हाती घेतो, त्याला अनुकूल चार कविता निवडतो आणि तो सिद्ध झाल्याचे जाहीर करतो. न जुळणाऱ्या कवितांची यादी कोणी ठेवत नाही. कवितेला प्रयोगशाळेत न्यावे, असे आमचे म्हणणे नाही. पण आपले वाचन कोणत्या पुराव्यापुढे मागे घेऊ, हे आधी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

त्याच वर्षी, २० ऑगस्टला, पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्या आठवड्यात आम्ही एक वही केली. मशीन येण्यापूर्वी तिच्यात लिहायचे: जागा कोणती, कोणी दाखवली, अंदाज काय. निकाल नंतर, त्याच ओळीत. कोरडा गेला तरी ओळ खोडायची नाही. निष्कर्ष काढण्याइतक्या नोंदी अजून झालेल्या नाहीत. पहिली ओळ आमचीच आहे, आठवून प्रामाणिकपणे लिहिलेली: "अंदाज: कोरडा. निकाल: पाणी."

पुढे शेजारच्या रानात बोअर घ्यायचे ठरले, तेव्हा वडिलांनी पाणाड्यांना निरोप धाडलाच. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "मशीन यायच्या आत तुझी वही काढ."