सगळा फलकच खाली

एडिसनच्या कॉलेज मेळाव्यात आज लेकीनं कहरच केला. प्रवेश विभागाच्या बाईंशी हात मिळवायला पुढे झाली, तर दप्तराचा पट्टा फलकात अडकला. फलक, माहितीपत्रकं, बाईंची कॉफी, सगळं जमिनीवर! वर घाबरून त्यांनाच म्हणाली, "सॉरी आई!" मी खांबाआड. अमेरिकेत पुष्कळदा हेच प्रतिनिधी पुढे आपल्या भागातले अर्ज वाचतात, म्हणून माझाच जीव टांगणीला.

दोघी खाली बसून कागद गोळा करत होत्या. तेवढ्यात लेक पुलांबद्दल जे भरभरून बोलली, ते कॉमन अ‍ॅप या सामायिक प्रवेशअर्जाच्या ६५० शब्दांच्या निबंधात काही उतरत नव्हतं. पहिल्या फेरीच्या अर्जांची मुदत, १ नोव्हेंबर, तोंडावर आलेली.

गाडीत म्हणाली, "निबंध पुन्हा लिहिते."

म्हटलं, आधी जेव.