गोळी चालू आहे

१४ जून २०२३
पहाटे दोनला वॉर्डातल्या काकांची व्हीटी (जीवघेणी वेगवान लय) पुन्हा सुरू झाली. तीन आठवड्यांपूर्वी मोठा झटका येऊन गेलेला. आता हृदयाच्या खालच्या कप्प्यातून मिनिटाला १९० ठोके. रक्तदाब मिळेना, म्हणून आधी शॉक. मग ॲमिओडारोन : १५० मिलिग्रॅम ग्लुकोजमधून दहा मिनिटांत, पुढे सहा तास मिनिटाला १ मिलिग्रॅम, नंतर अठरा तास अर्धा. सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम. शॉकने ठोका ताळ्यावर येतो, पण शुद्धीत बसलेल्या शॉकची धास्ती ॲड्रेनॅलिन वाढवते आणि हृदय पुन्हा बिथरते. म्हणून रक्तदाब सावरताच गुंगीचे औषध आणि प्रोप्रॅनोलॉल दिले.

१६ जून
काका शांत आहेत. मॉनिटरवर मधूनच एखादा जादा ठोका दिसतो. इंटर्नने विचारले, "सर, हेही औषधाने बंद करू या का?"

तिला खुर्ची दिली आणि 'कास्ट' चाचणीबद्दल सांगितले. झटक्यानंतर ज्यांना जादा ठोके पडतात ते जास्त दगावतात, हे ठाऊक होते. मग ठोके दाबले की जीव वाचेल, असे सगळ्यांनीच धरले होते. चाचणीत घेतलेले रुग्णही असे, की ज्यांचे ठोके औषधाने खरोखर दबले होते. तरी १९८९ मध्ये एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ गेले, नुसती साखरगोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ही औषधे सोडियमची वाट अडवून विद्युतप्रवाह मंदावतात. झटक्याने व्रण पडलेल्या स्नायूत तोच मंद प्रवाह गोल गोल फिरत राहतो आणि जीवघेणी लय सुरू होते. ईसीजी स्वच्छ दिसत होता, माणसे जात होती. हे आकडे मी विसरू शकत नाही आणि तिनेही विसरू नयेत असे मला मनापासून वाटते. काकांच्या जादा ठोक्यांना हात लावला नाही.

२१ जून
काकांना घरी सोडले. डिफिब्रिलेटर बसवायला पुण्याला पाठवतो आहे. तो जीवघेणी लय तोडेल, पण ती सुरूच होऊ नये यासाठी ॲमिओडारोनची गोळी हवीच. काकूंनी विचारले, "किती दिवस घ्यायची हो?" बराच काळ, म्हणालो. हे औषध चरबीत साठते, बंद केले तरी कित्येक आठवडे अंगात राहते. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन; शरीराची रोजची गरज ०.१५. म्हणून दर सहा महिन्यांनी थायरॉईड आणि यकृताच्या तपासण्या. कोरडा खोकला किंवा दम लागला तर त्याच दिवशी या. काकांची द्राक्षबाग आहे. या गोळीने ऊन बाधते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी.

२ जुलै
पावसाळी जुलाबांनी थकलेल्या एक बाई. पोटॅशियम २.६, वर बाहेरून क्लॅरिथ्रोमायसिन चालू. ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होण्याचा काळ) लांबलेला, मग पिळवटल्यासारखे ठोके : टॉर्साड. इंटर्नचा हात ॲमिओडारोनकडे गेला आणि तिथेच थांबला. ते क्यूटी आणखी लांबवते. दोन ग्रॅम मॅग्नेशियम सावकाश शिरेतून दिले, पोटॅशियम सुरू केले, क्लॅरिथ्रोमायसिन बंद. दुपारपर्यंत लय स्थिरावली. टाळायच्या औषधांची यादी केसपेपरवर लाल शाईने लिहून मुलाला फोटो काढायला लावला.